जपानचा इतिहास: छोट्या पुस्तकापासून सुरुवात करावी का?

कौलारू

नमस्कार मंडळी,

सध्या जपानच्या इतिहासाची तोंडओळख करून देणारं एक छोटं पुस्तक वाचतेय. जेमतेम दीडशे पानं. जोमोन काळातल्या मातीच्या भांड्यांपासून २०११ च्या भूकंप-त्सुनामीपर्यंत सगळं त्यात बसवलंय. शाळेत आपल्याला जपान भेटतो तो थेट दुसऱ्या महायुद्धात. पर्ल हार्बर, हिरोशिमा, नागासाकी, संपलं. त्याआधी तिथे हजारो वर्षं माणसं जगली, भांडली, त्यांनी भातशेती केली, कविता लिहिल्या, याचा पत्ताच नव्हता. त्यामुळे पुस्तक मनापासून आवडतंय.

अडचण एवढीच की चार पानं पुढे गेलं की मागची नावं पुसली जातात. फुजिवारा, ताइरा, मिनामोतो, होजो, आशिकागा. एकेका पानात शंभर वर्षं सरतात. लढाई, नवी राजधानी, पुन्हा लढाई.

माझं मत विचाराल तर नवख्याने छोट्या पुस्तकानेच सुरुवात करावी. थेट जाडजूड ग्रंथ हातात घेतला तर आपण कोणत्या शतकात उभे आहोत तेच कळत नाही. पण तुम्ही कशी सुरुवात केलीत? नावं लक्षात कशी ठेवता? आणि छोटं पुस्तक संपल्यावर पुढे काय?

घाटमाथा

मस्त धागा. वाचतोय.

गणिती

सुरुवात छोट्या पुस्तकानेच, याला पूर्ण अनुमोदन. नावांच्या मागे मात्र पहिल्या वाचनात लागू नका. सत्ता कुठे बसली आहे तेवढं बघा.

जपानमधल्या बहुतेक कालखंडांची नावं ही ठिकाणांची नावं आहेत. नारा काळ (७१० ते ७९४): राजधानी नारा. हेइआन काळ: ७९४ मध्ये राजधानी हेइआन-क्योला गेली, म्हणजे आजचं क्योतो. कामाकुरा काळ: मिनामोतो नो योरितोमोने क्योतोपासून लांब, पूर्वेला समुद्रकाठी आपलं लष्करी सरकार थाटलं. मुरोमाची हा क्योतोचाच एक भाग, तिथे आशिकागा शोगुनांचा, म्हणजे लष्करी सत्ताधीशांचा, वाडा होता. आझुचि हा ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराचा बिवा सरोवराकाठचा किल्ला. एदो म्हणजे आजचं तोक्यो.

भिंतीवर जपानचा नकाशा लावा, क्रमाने ही ठिकाणं जोडा. सत्ता क्योतोच्या परिसरातून पूर्वेला जाते, परत क्योतोला येते, मग पूर्वेलाच स्थिरावते. हे डोक्यात बसलं की कुठलंही नाव आलं तरी ते कुठल्या खणात ठेवायचं ते कळतं. पाठ करायची तर चारच सालं करा: ७९४ (हेइआन), ११८५ (कामाकुरा), १६०३ (एदो), १८६८ (मेइजी, सत्ता पुन्हा सम्राटाकडे). बाकी आपोआप चिकटत जातात.

निशिगंधा_क

गणिती, नकाशाची युक्ती आवडली. पण एदो काळात ठिकाण बदलतच नाही, तिथे काय करायचं? तोकुगावा घराण्याचे १५ शोगुन, त्यातल्या ११ जणांची नावं 'इए'ने सुरू होतात! इएयासू, इएमित्सू, इएत्सुना, इएनोबू, इएत्सुगू, इएशिगे, इएहारू, इएनारी, इएयोशी, इएसादा, इएमोची. आपल्याकडे दोन बाजीराव आणि दोन माधवराव झाले तर पोरं परीक्षेत रडतात.

गणिती

निशिगंधा, पहिल्या फेरीला तिघं पुरेत. पहिला इएयासू, तिसरा इएमित्सू, शेवटचा योशिनोबू. एकाने उभारलं, एकाने पक्कं केलं, एकाने १८६७ मध्ये सत्ता सम्राटाकडे परत दिली. आठवा योशिमुने जमला तर बघा, सुधारणांसाठी महत्त्वाचा आहे.

ताम्हण

मला जपान समजला तो मराठ्यांच्या इतिहासामुळे. सम्राट क्योतोत, खरी सत्ता एदोच्या शोगुनाकडे. छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात पेशव्यांकडे. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून येत, शोगुनपदाची नेमणूक सम्राटाकडून होई. हे एकदा जुळवलं आणि पुस्तकातला निम्मा गोंधळ संपला. नवख्या मराठी वाचकाने हीच किल्ली वापरावी असं मी आग्रहाने सांगेन.

भूर्जपत्र

ताम्हण, ही किल्ली दार उघडायला चांगली आहे, पण आत शिरल्यावर ती खिशात ठेवा.

पेशवा हे अष्टप्रधानांतलं पद. राज्य छत्रपतींनी उभं केलं, १६७४ मध्ये राज्याभिषेक करून घेतला, आणि नंतरच्या पिढ्यांत प्रधानाकडे सत्ता सरकली. जपानमध्ये शोगुनशाही दरबाराच्या पोटातून आली नाही. योरितोमोने आधी ताइरांना हरवलं (दान-नो-उरा, ११८५), आपल्या योद्ध्यांना जमिनींवर नेमण्याचा हक्क मिळवला, आणि ११९२ मध्ये शोगुन ही पदवी घेतली. दरबार क्योतोत होता तसाच राहिला. म्हणजे दोन सरकारं शेजारी शेजारी.

त्यात आणखी गंमत बघा. योरितोमोनंतर शोगुनच नामधारी झाला आणि कारभार होजो घराण्याच्या हाती गेला. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांच्या स्वाऱ्या आल्या तेव्हा त्यांना तोंड दिलं ते होजो तोकिमुनेने, आणि तो शोगुन नव्हता. तिकडे क्योतोतही निवृत्त सम्राट गादीवरच्या सम्राटामागून सूत्रं हलवत असत. एकाच्या नावाने दुसऱ्याने राज्य करणं जपानमध्ये शतकानुशतकं चाललं, आणि तरी सम्राटाचं घराणं उलथून स्वतः सम्राट होण्याच्या वाटेला हे योद्धे गेले नाहीत. का गेले नाहीत, हा मला त्या इतिहासातला सगळ्यात खोल प्रश्न वाटतो. पेशव्यांची उपमा धरून बसलं तर तो प्रश्न दिसतच नाही.

ताम्हण

भूर्जपत्र, मुद्दा पटण्यासारखा आहे, तरी माझा आग्रह कायम. आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरून अनोळखी गोष्टीकडे जाण्यात गैर काही नाही. फरक दुसऱ्या वाचनात कळतील.

तोक्योतली_मुक्ता

छान चर्चा. आम्ही निशिकासाईला राहतो, मुलगी इथल्या शाळेत जाते, त्यामुळे इथली मुलं इतिहास कसा शिकतात ते रोज घरात दिसतं.

इथे सालं पाठ करायला आकड्यांच्या उच्चारांवरून वाक्यं बनवतात. ७९४ म्हणजे 'ना-कु-यो', आणि पुढे 'उगुइसू, हेइआन-क्यो'. उगुइसू हा गोड गळ्याचा पक्षी. तो गातोय आणि हेइआन राजधानी वसतेय असं चित्र उभं राहतं. कामाकुरासाठी जुनी पिढी 'इइ कुनि' म्हणायची, म्हणजे ११९२. आता पाठ्यपुस्तकांत बऱ्याच ठिकाणी ११८५ धरतात, म्हणून मुलं 'इइ हाको' म्हणतात. भूर्जपत्र यांनी वर दिलेली दोन्ही सालं त्यामुळेच महत्त्वाची आहेत. शोगुन ही पदवी मिळाली ते साल मोठं की प्रत्यक्ष सत्ता हाती आली ते, यावर इतिहासकारांचं मत बदललं आणि मुलांचं पाठांतरही बदललं. कौलारू, तुझ्या पुस्तकात कोणतं साल दिलंय ते बघ, लेखकाचा कल कळेल.

इथे येणं झालं तर चिबा प्रांतातल्या साकुरा शहरी जपानी इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते चुकवू नकोस. राजेरजवाड्यांपेक्षा साध्या माणसांचं जगणं तिथे जास्त दिसतं.

वसईकर

एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहितो. आमच्या वसईचा एक माणूस जपानच्या इतिहासात आहे.

गोन्सालो गार्सिया. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमाराचा. पोर्तुगीज बाप, इथली आई. तरुणपणी जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापार केला आणि मग मनिलात फ्रान्सिस्कन झाला. १५९३ मध्ये स्पॅनिश फ्रान्सिस्कनांबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला आणि थेट तोयोतोमी हिदेयोशीसमोर बोलणी केली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून मारलं, त्यात तो होता. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, पण त्याच्या पायऱ्या चढणाऱ्या किती मुलांना हिदेयोशी कोण ते माहीत असेल?

मला हिदेयोशी कळला तो या माणसाच्या शोधातून. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा माणूस सगळ्या जपानचा धनी झाला, आणि १५८८ मध्ये त्यानेच शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेतली. आपण ज्या वाटेने वर चढलो ती त्याने मागच्यांसाठी बंद केली. छोट्या पुस्तकात हे दोन ओळींत येतं. त्या दोन ओळींवर थांबा असं मी सांगेन.

पणजीची_सई

वसईकर, सुंदर प्रतिसाद. आता गोव्याची बाजू मांडते.

कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक जपानी माणूस स्वदेशातून परागंदा झाला होता. मलाक्क्यात १५४७ मध्ये त्याची फ्रान्सिस झेवियरशी गाठ पडली. पुढे तो गोव्यात आला, सेंट पॉल कॉलेजात शिकला आणि १५४८ मध्ये इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. १५४९ मध्ये झेवियर जपानला पोचला तो याच अंजिरोला बरोबर घेऊन, त्याच्याच गावी. त्या कॉलेजाची कमान जुन्या गोव्यात आजही उभी आहे. बॉम जेझूकडे गर्दी जाते, या कमानीपाशी कुणी थांबत नाही.

आणि १५८२ मध्ये क्यूशू या जपानच्या नैर्ऋत्येकडच्या बेटावरच्या ख्रिस्ती सरदारांनी चार किशोरवयीन मुलं रोमला पाठवली, तीही गोव्यावरून गेली आणि गोव्यावरून परतली. परतताना १५८७ मध्ये त्यांच्यातल्या हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं आणि पुढच्या वर्षी ते इथेच छापलं गेलं. ती मुलं १५९० मध्ये घरी पोचली तेव्हा बरोबर छापखाना होता, आणि तोवर हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम काढून तीन वर्षं झाली होती. त्या पोरांचं पुढे काय झालं असेल या विचाराने मला अजूनही चैन पडत नाही. एकाला, नाकाउरा ज्युलियानला, १६३३ मध्ये नागासाकीत छळ करून मारलं.

निशिगंधा_क

सई, वसईकर, हे काहीच माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

रुईची_गाठ

किनारपट्टीचा विषय निघालाच आहे तर मुंबईही येऊ द्या. १८९३ मध्ये जपानच्या निप्पॉन युसेन कंपनीने मुंबई ते कोबे अशी जहाजसेवा सुरू केली. मागे जमशेटजी टाटा होते. आपला कापूस जपानी गिरण्यांना जायचा आणि जुन्या ब्रिटिश कंपनीचं भाडं दोघांनाही परवडत नव्हतं. मेइजी सत्तांतराला तेव्हा फक्त २५ वर्षं झाली होती, आणि जपानी जहाजं मुंबईच्या बंदरात होती.

बाजार हा माझा आवडीचा विषय, म्हणून आणखी एक. एदो काळात दाइम्योची, म्हणजे मोठ्या जहागीरदाराची, ऐपत तांदळात मोजत. एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. १०,००० कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्नाची जहागीर असेल तर दाइम्यो. सामुराईंचा पगारही तांदळात. मग तो विकून रोकड करायला ओसाकाला पाठवायचा. तिथल्या दोजिमा बाजाराला शोगुनाने १७३० मध्ये मान्यता दिली. पुढच्या पिकाच्या भावाचे सौदे तिथे व्हायचे, म्हणजे आजचा वायदेबाजारच. तलवारीच्या गोष्टींनी पुस्तकं भरतात, पण तांदळाचा हिशेब कळल्याशिवाय तो काळ कळत नाही. सामुराई कर्जबाजारी का झाले, व्यापारी कसे वर आले, नाटकं, छापील चित्रं कुणाच्या पैशावर फुलली, सगळ्याचं उत्तर त्या गोदामांत आहे.

घाटमाथा

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. मूळ बाग ओकायामाचा दाइम्यो इकेदा त्सुनामासा याने करवली, १७०० मध्ये पूर्ण झाली. या दाइम्योंना एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोत राहावं लागे, बायकामुलं कायम एदोत. लवाजम्यासकट जाण्या-येण्यातच तिजोरी रिकामी होई, बंड करायला पैसा उरणार कुठून? इएमित्सूने १६३५ मध्ये हा नियम पक्का केला.

कौलारू

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एक शंका. माझ्या पुस्तकात लिहिलंय की १६३० च्या दशकानंतर जपानने स्वतःला जगापासून बंद करून घेतलं, १८५३ मध्ये कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन आला तोपर्यंत. मग डच होतेच ना तिथे?

तोक्योतली_मुक्ता

होते. हे 'बंद देश' प्रकरण आता इथेही तितकं सरळ शिकवत नाहीत. चार दारं उघडी होती. नागासाकीत डच आणि चिनी व्यापारी, त्सुशिमातून कोरिया, क्यूशूतल्या सात्सुमा जहागिरीमार्फत र्यूक्यूचं (आजच्या ओकिनावाचं) राज्य, आणि उत्तरेत मात्सुमाएतून आइनू या तिथल्या मूळ रहिवाशांशी व्यापार. बंद होतं ते सामान्य जपानी माणसाचं बाहेर जाणं आणि कॅथलिक देशांचं आत येणं.

पुस्तकं आत येत होतीच. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकू आणि त्याचे सहकारी एदोत एका शवविच्छेदनाला हजर राहिले. हातात डच शरीरशास्त्राचं पुस्तक. त्यातली चित्रं समोरच्या शरीराशी तंतोतंत जुळली. मग ते पुस्तक जपानीत आणायला बसले, आणि डच भाषा धड कुणालाच येत नव्हती! १७७४ मध्ये ते छापून पूर्ण केलं. शिकण्याची इतकी ओढ असलेल्या देशाला नुसतं 'बंद' म्हणवत नाही मला.

भूर्जपत्र

मुक्ताताईंनी र्यूक्यू आणि आइनूंचं नाव काढलं ते बरं केलं. छोटं पुस्तक ही जलद लोकल आहे, ती प्रत्येक स्टेशनवर थांबणार नाही हे मान्य. पण कोणती स्टेशनं गाळली ते वाचकाने तपासायला हवं.

माझ्या तीन कसोट्या. एक: नागाशिनोची लढाई (१५७५). नोबुनागाच्या ३,००० बंदूकधाऱ्यांनी आळीपाळीने फैरी झाडून ताकेदांचं घोडदळ कापून काढलं, ही गोष्ट पुस्तक डोळे मिटून सांगतं, की त्याबद्दल इतिहासकारांना शंका आहे हेही सांगतं? दोन: ओकिनावा आणि होक्काइदो यांना स्वतःचा इतिहास आहे का? र्यूक्यूवर सात्सुमाने १६०९ मध्ये स्वारी केली आणि १८७९ मध्ये जपानने ते राज्यच खालसा केलं. तीन: १९१० मध्ये कोरिया गिळला, १९३१ मध्ये मांचुरिया, १९३७ मध्ये नानजिंगमध्ये कत्तल आणि बलात्कार. याला किती जागा दिली आहे?

ताम्हण

तिसऱ्या कसोटीवर थोडं बोलतो. दीडशे पानांत पंधरा हजार वर्षं बसवायची तर १५ वर्षांच्या युद्धाला किती पानं देणार? आपण जपानला युद्धापलीकडे ओळखायला निघालोय ना? धागाकर्तीनेच तसं लिहिलंय.

भूर्जपत्र

पानं मोजू नका, वाक्यं वाचा. हिरोशिमावर परिच्छेद आणि नानजिंगवर अर्धं वाक्य असेल तर ते पुस्तक मी कुणाच्या हाती देणार नाही. ६ ऑगस्टला जळलेल्या मुलांसाठी जीव तुटतो, तसाच तो नानजिंगच्या बायकांसाठी तुटला पाहिजे. गेंजीची कथा लिहिणारी मुरासाकी शिकिबू आणि हे सैन्य, दोन्ही एकाच देशाचा इतिहास आहे. एक घेऊन दुसरं सोडता येत नाही.

ताम्हण

यावर मतभेद नाही. वाक्यं वाचा, हे लिहून ठेवलं.

ओंजळ

उशिरा आले. छोट्या पुस्तकाचं काय मोल, हा मूळ प्रश्न, त्यावर एक खरी घटना सांगते.

महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. तोक्योतलं हे विद्यापीठ नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये काढलेलं. ती वाचून कर्व्यांच्या मनात आपल्याकडच्या महिला विद्यापीठाची कल्पना पक्की झाली. १९१५ च्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून त्यांनी ती मांडली आणि १९१६ मध्ये पुण्यात विद्यापीठ सुरूही झालं. आज आपण त्याला एसएनडीटी म्हणून ओळखतो. माझी आजी तिथे शिकली. कौलारू, छोटं पुस्तक पुरतं का असं विचारतेस ना? वाचणारा आपला प्रश्न घेऊन बसला असेल तर पुस्तिकाही पुरते. कर्व्यांपाशी प्रश्न तयार होता.

गणिती

+१. कौलारू यांच्या 'पुढे काय' या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पहिलं वाचन सलग करा. दुसरं करताना ज्या पानावर मन अडतं तो काळ निवडा आणि फक्त त्यावरचं एक मोठं पुस्तक घ्या. सगळा जपान एकदम कुणालाच वाचता येत नाही.

कौलारू

ठरलं माझं. पुस्तक संपत आलंय, मेइजी घटनेपर्यंत (१८८९) पोचलेय. दुसऱ्या वाचनासाठी १५४३ ते १६४१ निवडते. तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका येतात तिथपासून डचांना नागासाकीतल्या देजिमा बेटावर हलवतात तिथपर्यंत. अंजिरो, गोन्सालो, ती चार मुलं, हिदेयोशी, सेकिगाहाराची लढाई, सगळं त्या शंभर वर्षांत येतं. भूर्जपत्र यांच्या कसोट्याही लावून बघितल्या. नागाशिनोच्या फैरी पुस्तकात जशाच्या तशा आहेत, र्यूक्यूला एक परिच्छेद आहे, नानजिंगबद्दल स्पष्ट लिहिलंय.

भूर्जपत्र

उत्तम निवड. मग त्यात कोरियाचा भाग सोडू नका. १५९२ ते १५९८ हिदेयोशीने तिथे दोनदा सैन्य घुसवलं, कोरियन सेनापती यी सुन-सिनच्या आरमाराने समुद्रावर त्याची कोंडी केली, आणि परतताना जपानी सरदारांनी कोरियन कुंभार धरून नेले. आरिताची जगप्रसिद्ध चिनीमाती त्यांच्याच हातून सुरू झाली. क्यूशूचा इतिहास वाचताना ही माणसं पुन्हा पुन्हा भेटतील.

पणजीची_सई

आणि कौलारू, गोव्याला आलीस तर सांग. त्या कमानीपाशी मी घेऊन जाईन.